भर हंगामातला पोशाख

केरबा गुळव्याच्या डोक्यात गोंधळ उडाला तो जानेवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला. त्याआधी चौऱ्याहत्तर वर्षं आपलं डोकं अगदी शाबूत होतं, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. त्याची बायको बयाबाई हिचं मत वेगळं आहे. पण तिला सहसा कुणी विचारायला जात नाही, कारण विचारलं की ती आवरत नाही.

कसबा बावड्याच्या कडेला आण्णा पाटलांचं गुऱ्हाळ आहे. तीन बाजूंनी चारमजली इमारती उठल्यात आणि चौथ्या बाजूला आण्णांचा ऊस अजून तग धरून आहे. इमारतींतल्या बायका दिवसभर धुराच्या नावानं बोटं मोडतात आणि वाळत घातलेले कपडे आत ओढतात. त्याच बायका संध्याकाळी डबा घेऊन गरम गूळ मागायला येतात, तेव्हा मात्र त्यांना धूर दिसत नाही. या गुऱ्हाळावर केरबा पन्नास हंगाम गुळव्या आहे.

गुळव्या म्हणजे रस उकळत असताना काहिलीपाशी उभा राहणारा माणूस. काहील म्हणजे म्हैस बसेल एवढी कढई. खाली चुलवाण धगधगतं, रस तापतो, मळी वर येते, ती काढायची. मग रस घट्ट होतो, बुडबुडे सोनेरी होतात, आणि एक घटका अशी येते की काहील चुलवाणावरून ओढलीच पाहिजे. आधी ओढली तर गूळ बसत नाही, चिखलासारखा राहतो. उशीर झाला तर काळा पडतो आणि तोंडात कडवट लागतो. ती घटका कुठली, हे गुळव्यानं सांगायचं. केरबा वास घ्यायचा, बुडबुड्यांचा आवाज ऐकायचा, गार पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी दोन बोटांत वळायचा आणि ओरडायचा, "ओढा!" मग चार गडी काहिलीला भिडायचे. त्या आरोळीनं शेजारच्या इमारतीतली तान्ही पोरं दचकून उठायची, अशी तक्रारही झालेली होती.

तर त्या गुरुवारी आण्णांची नात मोना गुऱ्हाळावर आली. ती स्कॉटलंडला, ग्लासगो नावाच्या गावी शिकायला गेली होती आणि तीन आठवड्यांच्या सुट्टीवर घरी आली होती. लहानपणी ती याच गुऱ्हाळावर केरबाच्या मागं काकवीची वाटी घेऊन फिरायची. आताही तिनं वाटी हातात घेतली आणि एका पोत्यावर बसकण मारली.

"आज्जा, तुमची गोष्ट मी तिकडं माझ्या घरमालकिणीला सांगितली," ती म्हणाली. "ऐंशी वर्षांची हाय ती. तिला म्हाताऱ्यांच्या लई गोष्टी येतात. तिकडं एक म्हातारी हाय, हातात काठी घेऊन डोंगरांवरनं हिंडती. काठी आपटंल तिथली जमीन गोठती. अख्खा हिवाळा तिच्या हुकमात."

"म्हातारी थंडी आणती?" केरबा मळी काढता काढता म्हणाला. "आमच्या हितं म्हातारीलाच थंडी वाजती. बया दिवाळीपासनं दोन स्वेटर घालून बसलीया."

मोना हसली. "आणि तुमची गोष्ट सांगितल्यावर ती म्हणाली, हा तर आमचा ब्राउनी! म्हंजे तिकडच्या जुन्या शेतघरात एक म्हातारा असतो. माणूस न्हाय आणि भूतबी न्हाय. बुटका, काळासावळा, अंगभर केस, अंगावर चिंध्या. घरची माणसं झोपली की येतो, मळणी करतो, भांडी घासतो, गुरांचं बघतो. कुणी सांगायला लागत न्हाय."

"आणि खायला काय देत्यात?"

"वाटीभर साय. तीपण हातात द्यायची न्हाय. चुलीपाशी ठेवून द्यायची, तो घेतो. त्याचं कौतुक केलेलं त्याला चालत न्हाय."

केरबाला हा म्हातारा आवडला. स्वतः केरबालाही कौतुक चालत नसे. आपण गेलो नाही तर आज गुऱ्हाळ पेटणार नाही, एवढं पुरे होतं. "पुढं?" त्यानं विचारलं.

"पुढं घरच्यांना दया आली. इतकं राबतोय आणि अंगावर फाटकं. म्हणून त्यांनी त्याला नवी कापडं शिवली आणि चुलीपाशी ठेवली."

"बरं केलं."

"कुठलं बरं? त्यानं कापडं अंगात घातली आणि गेला निघून. कायमचा. परत त्या घरात आलाच न्हाय."

केरबाचा झारा रसावरच थांबला. "का?"

"कुणी म्हणतं त्याला राग आला. कुणी म्हणतं, कापडं दिली म्हंजे काम संपलं, अशी ती खूणच होती. आणि कुणी म्हणतं, नवी कापडं घातल्यावर त्याला काम करायची लाज वाटाय लागली." मोनानं बोटानं वाटी पुसून खाल्ली, फोन वाजला म्हणून ती उठून गेली, आणि केरबाच्या डोक्यात तो केसाळ म्हातारा तसाच बसून राहिला.

एरवी तो दोन दिवसांत उठून गेला असता. पण शनिवारी आण्णांचा मुलगा विश्वजित, म्हणजे मोनाचा बाप, गुऱ्हाळावर आला. त्याच्या हातात हातभर लांबीची स्टीलची कांडी होती आणि तिच्या टोकाला घड्याळासारखी तबकडी. "तात्या, ह्यो थर्मामीटर. रसात बुडवायचा. एकशेअठराला काटा आला की ओढायचं," तो केरबाला म्हणाला. "मोठ्या शहरातली गिऱ्हाइकं विचारतात हल्ली, किती डिग्रीला केलाय म्हणून. तुमचं चालूच राहू दे. हे आपलं जोडीला." आणि जाता जाता म्हणाला, "उद्या दुपारी वाड्याव— आपलं, बंगल्यावर यायचं बरं का. काकूंना घेऊन. काम हाय."

रविवारी बंगल्यासमोर पोहोचल्यावर केरबाला आधी दिसला तो फ्लेक्स. त्यावर स्वतः केरबा होता, आठ फूट उंच, मागं उगवता सूर्य. केरबाचे पाय जागच्या जागी थांबले. कोल्हापुरात फ्लेक्सवर चढणारी माणसं दोन जातींची: वाढदिवसवाली आणि भावपूर्ण श्रद्धांजलीवाली. आपला वाढदिवस कधी असतो हे केरबाला माहीत नव्हतं, त्यामुळं त्यानं आधी बयाबाईला खालचं वाचायला लावलं. ती चौथी शिकलेली. "सत्कार हाय म्हणं," ती म्हणाली. "मरायला न्हाय बोलावलं. चला आता."

खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं बसली होती, माईकवरून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. विश्वजितनं भाषण केलं. केरबातात्यांनी आमच्यासाठी हाडाची काडं केली, पन्नास हंगाम उन्हात, धुरात, धगीत उभे राहिले, आमच्या गुळाची गोडी ही त्यांच्या बोटांची गोडी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आण्णा उठले. एक्क्याऐंशी वर्षांचे आण्णा, ज्यांचा आवाज पंचगंगेपलीकडं ऐकू जातो असं बावड्यातली माणसं म्हणतात, ते त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. त्यांनी ताटातला पोशाख उचलून केरबाच्या हातात ठेवला. धोतर, नेहरू शर्ट, शाल आणि गुलाबी फेटा, सगळं कोरं करकरीत.

आता केरबाची पंचाईत नीट समजून घ्यायला हवी. सोळाव्या वर्षी तो आण्णांच्या घरात सालगडी म्हणून लागला. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला संपतं. त्या दिवशी मालकानं नवी कापडं आणि पायताण दिलं की समजायचं, आणखी एक साल पक्कं. दिलं नाही की गाठोडं बांधायचं. म्हणजे निम्मा जन्म केरबानं कापडांचा अर्थ 'राहा' असा घेतलेला. दुसरीकडं बावड्यात ज्या ज्या नोकरदाराचा शाल-नारळ देऊन सत्कार झालेला त्यानं पाहिला होता, तो दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर पेपर वाचत बसलेला होता. तिथं अर्थ 'जा'. आणि आता हा परदेशातला म्हातारा. तिथंही 'जा'. शिवाय पाडवा अजून दोन महिने लांब, हंगाम ऐन भरात, शेतात निम्मा ऊस उभा. भर हंगामात गुळव्याला कापडं कुणी देतं का?

त्यानं माईकपुढंच विचारलं, "आण्णा, हे पाडव्याचं आधीच दिलंसा व्हय?"

सगळे खदखदून हसले. विश्वजितही हसला. आण्णा हसले नाहीत, त्यांनी मान वळवून फ्लेक्सकडं बघितलं.

"घाला, घाला, तात्या! फेटा बांधा!" लोक ओरडू लागले. फेटा बांधणारा पुढं आलाच होता. केरबानं पोशाख पोटाशी घट्ट धरला आणि दोन पावलं मागं सरकला.

"मी न्हाय घालत," तो म्हणाला.

"अहो, फोटो काढायचाय!"

"तसाच काढा."

फोटो तसाच निघाला. मळीचे डाग पडलेल्या बंडीतला केरबा, छातीशी पोशाख, चेहरा असा की कुणीतरी लेकरू हातात देऊन पळून गेलंय. लोक जेवायला बसले, पण आपापसात कुजबुजत होते. काहींच्या मते म्हाताऱ्याला माज आला, काहींच्या मते म्हातारा साधा आहे. केरबाला श्रीखंड गिळेना.

घरी आल्यावर बयाबाईनं तोफ डागली. "चारचौघांत मान दिला तर घ्याचा न्हवं? त्या पोरानं केवढा खर्च केला, आणि ह्ये आपलं बंडीवर! घाला, न्हायतर मी घालीन तो फेटा."

"आगं, कापडं घातली की तो गेला म्हणं."

"कोण गेला?"

"त्यो स्कॉटलंडातला."

बयाबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. केरबानं तिला सगळी गोष्ट सांगितली, पण सांगताना त्याचीच सरमिसळ झाली. काठीवाली म्हातारीही मध्येच शिरली. शेवटी बया म्हणाली, "काम सुटंल म्हणून भ्या वाटतंय व्हय तुम्हास्नी? मग तसं म्हणा की सरळ." आणि ती एवढ्या मऊ आवाजात म्हणाली की केरबा आणखीच घाबरला. हो, भीती वाटत होती. काहिलीपाशी उभं राहायचं नाही तर मग उभं कुठं राहायचं, हे त्याला खरोखर माहीत नव्हतं.

चार वाजता मोना आली. सत्काराचे उरलेले पेढे घेऊन आली होती, पण ती पेढ्यांसाठी आली नव्हती हे दिसतच होतं. "आज्जा, माझ्या गोष्टीमुळं न्हाय ना घातली कापडं?"

"छ्या. मला फेटा टोचतो."

"खरं सांगा."

केरबानं एक पेढा उचलून परत ठेवला. "त्यो म्हातारा मग गेला कुठं?"

मोनानं पेढ्यांचा डबा खाली ठेवला. "म्हंजे?"

"कापडं घालून गेला म्हणालीस. कुठं गेला? कुणाकडं राहिला? त्याला साय कोण देत हुतं?"

"ते... ते गोष्टीत न्हाय, आज्जा."

"मागं घराचं काय झालं, ते हाय?"

"हाय. घराची वाताहत झाली, काम पडून राहिलं, असं हाय."

"बरं," केरबा म्हणाला. "घराचं तेवढं ठेवलंया."

मोनानं वडिलांच्या मनात काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही, असं शपथेवर सांगितलं. सत्कार करायचा एवढंच तिला माहीत होतं. जाताना तिचे डोळे भरून आले होते आणि आपण हिला कशाला रडवलं, म्हणून केरबाला स्वतःचाच राग आला.

सोमवारी सकाळी तो नेहमीच्या बंडीत गुऱ्हाळावर गेला. चुलवाण पेटलेलं होतं. चरक घरघरत होता, रस काहिलीत पडत होता, गडी नेहमीसारखे एकमेकांच्या आयांचा उद्धार करत होते. कुणी त्याला 'घरी जा' म्हटलं नाही. केरबाच्या जिवात जीव आला. मग त्याला काहिलीशेजारी लाल प्लास्टिकची खुर्ची दिसली.

"बसा की, तात्या," विश्वजित म्हणाला. "किती उभं राहायचं? इथं बसून सांगा."

पन्नास हंगामांत केरबा काहिलीपाशी बसला नव्हता. ही खुर्ची म्हणजे 'राहा' की 'जा', याचा त्याला काही केल्या पत्ता लागेना. त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि उभाच राहिला. आण्णाही आले होते, पलीकडं दाराशी काठी टेकून उभे होते.

रस चढत गेला. बुडबुडे मोठे झाले. विश्वजितनं कांडी बुडवली, तबकडी पुसली आणि बघितली. "एकशेअठरा झालं. ओढायचं, तात्या?"

त्यानं विचारलं! केरबाची छाती फुगली. त्यानं काहिलीवर वाकून वास घेतला. पाण्यात थेंब टाकला, गोळी वळली. ती बोटाला मऊ लागली, निदान तशी वाटली. "अजून कच्चा हाय," तो म्हणाला. "थांबा."

विश्वजितनं बापाकडं बघितलं. आण्णा म्हणाले, "केरबा म्हणतोय तर थांबा."

सगळे थांबले. केरबा कान देऊन ऐकत होता. पिकलेल्या पाकाचा तो फटफट आवाज यायला हवा होता, तो येत नव्हता. चरकाच्या घरघरीत येत नसेल, असं त्याला वाटलं. त्यानं पुन्हा वास घेतला. आज हवाच दमट आहे, असं त्याला वाटलं. मग चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या गड्यानं तोंड बाजूला फिरवलं. काहिलीला भिडायला उभ्या चौघांपैकी एकानं नाकाला गमछा लावला. वरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी धाडकन लावून घेतली. सगळ्यांना कळलं होतं. केरबाला कळलं ते त्यांच्या तोंडाकडं बघून.

"ओढा! ओढा!" तो ओरडला.

गड्यांनी काहील ओढली, गूळ गार करायच्या वाफ्यात ओतला. तो कुळीथासारखा काळपट होता. एक गडी बाजूला जाऊन थुंकला. बाकीचे काहील घासायला लागले.

केरबाला डिसेंबर आठवला. डिसेंबरातही दोन आदणं, म्हणजे दोन काहिली भरून गूळ, असाच काळा निघाला होता. तेव्हा आण्णांनी सांगितलं होतं, ऊस खारवट जमिनीतला आहे, तू काय करणार. केरबानं ते खरं मानलं होतं आणि त्या जमिनीला चार शिव्याही हासडल्या होत्या.

"आण्णा," तो म्हणाला, "डिसेंबरात... त्यो ऊस खारवट न्हवता व्हय?"

आण्णांनी गोठ्याकडं बघितलं. "म्हशींनी खाल्ला की तो गूळ," ते म्हणाले. "आवडीनं खाल्ला."

"मला का न्हाय सांगितलंसा?"

"सांगायला जीभ उचलली न्हाय, केरबा."

विश्वजित पुढं आला आणि हळूच म्हणाला, "असू द्या, तात्या. होतं असं एखाद्या वेळी."

त्या 'असू द्या'नं केरबाचं काळीज चरकलं. फार पूर्वी, विश्वजित रांगत होता त्या साली, केरबाच्या हातून असंच एक आदण जळलं होतं. तेव्हा आण्णांनी झारा फेकून मारला होता. केरबाच्या सात पिढ्या चव्हाट्यावर काढल्या होत्या, केरबानंही मागं न राहता पाटलांच्या सात पिढ्या काढल्या होत्या, आणि बावड्यातली माणसं काम टाकून ऐकायला जमली होती. दुसऱ्या दिवशी त्याच काहिलीपाशी दोघं एका बशीतला चहा प्याले होते. आज सगळे त्याच्याशी पाहुण्यासारखे वागत होते. कालपासून न उलगडलेला कापडांचा अर्थ आता स्वच्छ उलगडला होता, आणि आता तो त्याला नको होता.

तो आण्णांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला. "आण्णा, शिव्या घाला की मला."

"केरबा, असू दे..."

"न्हाय. अख्खं आदण जाळलंय म्या. चौघांच्या देखत. एक तरी घाला."

आण्णांनी तोंड उघडलं. गडी हातातली कामं थांबवून बघत होते. आण्णांनी एकदा वाफ्यातल्या काळ्या गुळाकडं बघितलं आणि तोंड मिटलं. मग त्यांनी केरबाचा दंड धरला आणि त्याला खुर्चीपाशी आणलं.

"बसा, केरबा," आण्णा म्हणाले.

केरबा बसला.